खोटं धरायचं परमिट

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यात माझ्या घरमालकांना पाच किलो गूळ दंड झाला. दंड नसाबीने केला. नसाब म्हणजे तांड्यातल्या जाणत्या माणसांची बैठक. नाईक तिचा प्रमुख. हल्ली तिथे बांधाचे, गुरांचे, नवराबायकोच्या अबोल्याचे किरकोळ वाद येतात. बाकीचे पोलीस ठाण्यात जातात. तक्रारदार घरमालकांची पत्नी होती. आरोप एकच होता: त्यांनी जाणूनबुजून एक खोटी गोष्ट खरी धरली आणि घरच्या माणसालाही तसे धरायला लावले.

ती खोटी गोष्ट अशी होती: मूळ संख्या कुठेतरी संपतात.

मी तेव्हा एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते आणि त्यांच्या पांढरकवड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. नसाबीत लिहून घ्यायला मला त्यांनीच नेले. त्या दिवशी मी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा उपसंपादकांनी विचारले, ‘‘बातमी काय आहे?’’ मी सांगितले, ‘‘गुळाचा दंड.’’ ते म्हणाले, ‘‘पावसाचं काय?’’ बातमी छापून आली नाही. वही माझ्याकडे आहे.

घरमालक निवृत्त वायरमन. मी त्यांना काका म्हणत असे. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला दारातच थांबवून विचारले होते, ‘‘या खोलीत पंखा हाये का नाई?’’ मी आत डोकावून म्हणाले, ‘‘दिसत तर नाही.’’ ते काकूंकडे वळून म्हणाले, ‘‘पाह्य. दिसत नाई म्हनली, नाई म्हनली नाई. राहू दे इले.’’ पंखा दाराच्या मागे, स्टुलावर होता. माझ्या आधी आलेले तीन जण ‘नाही’ म्हणून परत गेले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी रद्दीच्या दुकानातून तीन जाड इंग्रजी पुस्तके वजनावर आणली. पहिले घेतले ते त्यातल्या आकृत्या वायरिंगसारख्या दिसल्या म्हणून. ते तर्कशास्त्राचे निघाले. दुसरे मनाविषयी होते, तिसरे गणित आणि तर्क दोन्हींचे. तिन्हींना त्यांनी खाकी कागदाचे कव्हर घातले आणि वर मार्करने लिहिले: जड-१, जड-२, जड-३. पुस्तकाचे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. इंग्रजी त्यांना अकरावीपर्यंतचे येत होते, उरलेले शब्दकोशातून.

रोज दुपारी चार वाजता ते अंगणात केबलच्या रिकाम्या ड्रमवर बसत. चष्म्याला रबर बांधलेले असे, खांबावर चढताना बांधत तसे. पान वाचून झाले की ते घरात जाऊन काकूंना सांगत. काकू चौथी शिकलेल्या. काकूंनी ते ऐकून आपल्या शब्दांत परत सांगितले आणि काकांना ते पटले, तरच त्या पानाच्या कडेला ‘समजले’ लिहून सही करत. सही नसेल तर पान उलटायचे नाही, हा नियम काकांनी स्वतःच घातला होता.

‘‘समजलं नाई हे समजणं बी एक समजणं हाये,’’ ते म्हणत. ‘‘पण त्याले सही भेटत नाई.’’

जड-१ मधले एक पान काकूंनी चाळीस दिवस अडवून धरले होते. त्यात लिहिले होते की ‘असे झाले तर तसे होईल’ या वाक्यातला पहिला भाग खोटा असेल, तर पूर्ण वाक्य खरे मानायचे. काकू म्हणाल्या, असे कसे? काकांनी डोंगराचे, पावसाचे, बैलाचे उदाहरण देऊन पाहिले. सही मिळाली नाही. त्याच महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. काकूंच्या माहेरच्या गावी एक उमेदवार ‘निवडून आलो तर रस्ता करीन’ असे सांगत फिरला आणि पडला. काकू म्हणाल्या, ‘‘रस्ता तं झाला नाई. पण मानूस खोटा बोलला असं बी मनता येत नाई.’’ काका म्हणाले, ‘‘सही कर.’’ त्यांनी केली.

जड-२ वाचताना मन नेमके कुठे असते, या प्रश्नावर ते अडले. पुस्तकात चार मते दिली होती. त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले आणि एकच विचारले: खांबावर भीती वाटते तेव्हा ती कुठे वाटते? सात जणांना विचारले. सातही जण म्हणाले, तळपायात. पुस्तकाच्या कडेला चार मतांच्या खाली त्यांच्या अक्षरात ‘तळपाय’ असे लिहिलेले आहे आणि पुढे काकूंची सही आहे.

जड-३ संपायला एकोणीस पाने राहिली होती, तेव्हा यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तारीख दिली. उजवा डोळा नोकरीत असताना खांबावर उडालेल्या ठिणगीने गेला होता. डाव्यात काचबिंदू होता. दसरा झाला की ऑपरेशन करायचे, डोळ्यातला दाब कमी होईल, गेलेले परत येणार नाही, आणि वाचता येईलच असे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. काकांनी घरी येऊन काकूंना एवढेच सांगितले: ‘‘एकोनीस पानं. दसऱ्यापर्यंत. माह्या डोळ्यानं.’’

या एकोणिसातल्या पहिल्याच पानावर गाडी अडली.

शेवटच्या प्रकरणात एकच पद्धत होती. जे सिद्ध करायचे त्याच्या उलट धरायचे, त्यावरून पुढे चालत जायचे आणि काहीतरी अशक्य निघाले की म्हणायचे, बघा, उलट धरले ते खोटे होते. पहिले उदाहरण मूळ संख्यांचे. मूळ संख्या म्हणजे ज्या कशानेही फुटत नाहीत त्या: दोन, तीन, पाच, सात, अकरा. त्या कधीच संपत नाहीत हे दाखवायचे होते. काका काकूंना म्हणाले, ‘‘आता धर, का त्या संपतात.’’

काकू म्हणाल्या, ‘‘संपतात का?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग कायले धरू?’’

तीन दिवस असेच चालले. चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या की त्या सही करणार नाहीत. फारच वाटत असेल तर नसाबीत न्या. काका म्हणाले, ‘‘चाल.’’ पोळ्यासाठी दोघांनाही तांड्यात जायचेच होते.

नाईक हे काकांचे थोरले चुलत भाऊ. बैठक त्यांच्या ओसरीत भरली. आपसात ही मंडळी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. त्या दिवशी माझ्यासाठी वऱ्हाडीत बोलली. काकूंनी उभे राहून सांगितले, ‘‘तीस वर्सं या मानसानं घरात एकच गोठ सांगतली. धरून चालू नोको. लाइन बंद असन असं धरून चालू नोको. गॅस बंद असन असं धरू नोको. लेक पोचली असन असं धरू नोको, फोन कर. आता मले म्हनते, खोटं धर.’’

काका म्हणाले, ‘‘खोटं हाये हे दाखवाले धरून राह्यलो.’’

‘‘तुले पयलेच मालूम होतं का ते खोटं हाये?’’ नाईकांनी विचारले.

‘‘होतं.’’

‘‘मंग धरलं काहून?’’

‘‘तसा रिवाज हाये दादा. शायन्या लोकायचा.’’

‘‘असन त्याईच्या तांड्यात. आपल्या इथं, खोटं मालूम असून जो खरं धरून बोलते त्याले काय मनतात?’’

नाईकांचे कारभारी शेजारी बसले होते. ते म्हणाले, ‘‘वकील.’’

बैठक हसली. नाईक हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘तुह्या डोयासमोर लाइनवर तीन मानसं गेली. तूच सांगतलं मले. काय धरून चढले होते ते?’’

काका म्हणाले, ‘‘बंद हाये असं धरून.’’

‘‘मंग.’’

दंड झाला. गूळ लगेच आणून वाटला गेला. काकांनी स्वतःचा खडा घेतला आणि खाल्ला. परत येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून ते म्हणाले, ‘‘दादा बरोबर हाये. पुस्तक बी बरोबर हाये. दोघं बी बरोबर असले का समजायचं, मधात कुठंतरी तार तुटली.’’

त्या आठवड्यात मी त्यांना सुचवले की पान उलटावे, कोण बघतेय.

‘‘मी पाहून राह्यलो ना बाई,’’ ते म्हणाले. ‘‘एकाच डोयानं. पण पाहून राह्यलो.’’

गणपती बसले आणि उठले. काका रोज चार ते सहा ड्रमवर बसून एकच पान बघत होते. डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब टाकावे लागत. थेंब टाकल्यावर वीस मिनिटे वाचता येत नसे. ती वीस मिनिटेही ते पान उघडे ठेवून बसत. विसर्जनानंतर दोन दिवसांनी त्यांनी नसाबीकडे पुन्हा वेळ मागितला.

दुसऱ्या बैठकीत ते म्हणाले, ‘‘आता मी काहीच धरत नाई. तुमीच यादी द्या. मूळ संख्यायची. पायजे तितकी. तुमच्या यादीत नसलेली एक मी काढून देतो.’’

नाईकांनी विचारले, ‘‘कशी?’’

‘‘यादीतले सारे आकडे गुणा. तितक्या गोन्या समजा. आपले आजे-पंजे बैलावर गोन्या लादून न्यायचे, तशा. यादीतल्या कोन्या बी आकड्याच्या रांगा लावा, गोन्या बरोबर पुरतात. आता त्यात एक गोनी टाका. आता त्याच रांगा लावा. दर वक्ताले एक उरते. मंजे या नव्या आकड्याले यादीतला कोनीच फोडू शकत नाई. त्याले फोडनारा बाहेरचा असते, नाई तं तो सोताच बाहेरचा.’’

कारभाऱ्यांनी यादी दिली: दोन, तीन, सात. गुणाकार बेचाळीस, एक मिळवून त्रेचाळीस. मोबाइलवर सगळ्यांनी फोडून पाहिले. फुटला नाही. यादीत नव्हताच.

‘‘थांबा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘माही यादी. पाच आन् सात.’’

पाच साते पस्तीस, आणि एक छत्तीस. कारभारी म्हणाले, ‘‘घ्या. नवरा-बायकोचा आकडा निघाला.’’ हसणे थांबल्यावर नाईक म्हणाले, ‘‘छत्तीस तं फुटते. तुही गोठ खोटी झाली.’’

‘‘फोडा ना,’’ काका म्हणाले.

नाईकांनी बोटांवर फोडले. ‘‘दोन दुने चार, चार नवे छत्तीस. नवाचे तीन-तीन. दोन आन् तीन निघाले.’’

‘‘ते तुमच्या भावजयीच्या यादीत होते का?’’

नाईकांनी काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, ‘‘नोते.’’

‘‘साची वात छ,’’ नाईक म्हणाले. खरी गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ. काकूंनी तिथेच सही केली. दंड परत मिळाला नाही. गूळ संपला होता.

घरी येऊन काकांनी पान उलटले. पुढच्या पानावरच्या सिद्धांतात पुन्हा उलट धरलेले होते, आणि त्याच्या पुढच्यातही. त्यांनी उरलेली पाने कडा धरून मोजत पाहिली. उलट धरण्याच्या अकरा जागा होत्या. मूळ संख्यांसारखी सरळ वाट एकाही जागी त्यांना सापडेना. दसऱ्याला सोळा दिवस होते.

त्या संध्याकाळी ते जेवायला उठले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवले आणि विचारले, ‘‘तुमी लाइनीवर चढाच्या आधी काय घेत होते?’’

‘‘परमिट.’’

‘‘मंजे?’’

‘‘सबस्टेशनवरून लिहून घ्यायचं. इतक्या वाजता लाइन बंद केली, या मानसाच्या नावावर. काम झालं का मानूस खाली उतरते, परमिट वापस करते. तवाच लाइन चालू होते. तोपर्यंत कोनी हात नाई लावत.’’

‘‘मंग याचं बी घ्या,’’ काकू म्हणाल्या. ‘‘खोटं धराचं परमिट. मी देईन. काम झालं का वापस कराचं. खोटं घरात मोकळं फिरू नाई द्याचं, बाकी माहं काही म्हननं नाई.’’

काका उठले आणि जेवायला बसले. जेवता जेवता त्यांनी काकूंना तीनदा विचारले की हे कुणी सांगितले. काकू म्हणाल्या, ‘‘कोन सांगन? तीस वर्सं डबा कोन भरत होतं?’’

दुसऱ्या दिवशी त्या नाईकांना फोनवर सांगून मोकळ्या झाल्या. नाईकांची अट एक: परमिटवर वेळ पाहिजे, घेतल्याची आणि परत केल्याची. मी माझ्या वहीची पाने आडवी कापून दिली. पहिले परमिट माझ्याकडे आहे. त्यावर काकूंच्या अक्षरात आहे: ‘काय धरले. कशासाठी: तपासणी. घेतले ४.१०. वापस ५.३५.’ ‘काय धरले’च्या पुढे काकांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली आहे.

परमिटे काकू घासलेटच्या जुन्या डब्यात ठेवत. डबा बंद असला तर लाइन चालू. उघडा असला तर कुणाकडे तरी एक खोटे आहे. चौथे परमिट दोन दिवस उघडे राहिले. त्या दोन दिवसांत काकांचे मेव्हणे मुलीच्या स्थळाविषयी विचारायला आले. काका म्हणाले, ‘‘परवा या.’’

‘‘काहून?’’

‘‘माह्याकडं आता एक खोटं चालू हाये. त्याच्यात कोनाले हो-नाई सांगत नाई मी.’’

मेव्हण्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी डब्याकडे बोट दाखवले. मेव्हणे चहा पिऊन गेले आणि परवा आले. स्थळ चांगले होते.

दसऱ्यापर्यंत दहा परमिटे घेतली गेली आणि परत झाली. सतरा पानांवर सह्या झाल्या. दोन पाने राहिली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी काका साडेतीनलाच ड्रमवर बसले होते. अर्ध्या तासाने ते आत आले आणि म्हणाले, ‘‘ओळी एकमेकायवर चढून राह्यल्या.’’ पुस्तक मिटून त्यांनी काकूंकडे दिले.

ऑपरेशन झाले. डोळ्यातला दाब खाली आला. माणसे, दार, ड्रम, बस दिसत होती. छापील अक्षर दिसत नव्हते. दोन तपासण्यांनंतर डॉक्टरांनी सांगितले की हे आता असेच राहील.

पाच दिवस काका चार वाजता मिटलेले पुस्तक मांडीवर घेऊन बसले, असे काकूंनी मला सांगितले. मी त्या आठवड्यात एका अपघाताच्या बातमीसाठी हायवेवर होते. परत आल्यावर मी म्हणाले की उरलेली दोन पाने मी वाचून दाखवते.

‘‘नाई,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी वाचता तवा समजून वाचता. तुमी कुठं थांबता, कुठं जोर देता, त्याच्यात तुमचं समजलेलं येते. मले पुस्तकातलं पायजे. ज्याले काहीच समजत नाई असा मानूस पायजे.’’

काकूंना इंग्रजी अक्षरे येत नव्हती. त्यांनी तांड्यात फोन केला.

नाईकांना इंग्रजी अक्षरओळख होती. खताच्या पोत्यांवरची आणि ट्रकच्या पाटीवरची नावे ते अक्षर-अक्षर वाचत. शब्द कळत नसे. दुसऱ्या दिवशी ते पावणेचारच्या बसने आले, चप्पल काढून ड्रमच्या शेजारी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘मले काहीच समजत नाई, मनून आलो.’’

‘‘मालूम हाये,’’ काका म्हणाले. ‘‘पयल्या ओळीपासून.’’

‘‘टी. एच. ई. मंग जागा सुटली हाये.’’

‘‘बरं.’’

असे सुरू झाले. अक्षरे जुळवून शब्द काका करत, शब्द जुळवून वाक्य काका करत आणि वाक्य झाले की त्याचा अर्थ आपल्या बोलीत मोठ्याने सांगत. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी चिन्हे आली.

‘‘इथं एक ए उताना पडला हाये,’’ नाईक म्हणाले.

‘‘राहू दे. उचलू नोको त्याले.’’

‘‘त्याच्या पुढं ई. पन पाठ फिरवून उभा हाये.’’

‘‘कोनाकडं पाठ?’’

‘‘आपल्याकडं समज.’’

‘‘बरोबर हाये. पुढं.’’

‘‘हे छापनारा पेला होता काय बे?’’

‘‘तू वाच दादा.’’

नाईक रोज आले. कापसाची वेचणी चालू होती. पाच दिवस येता आले नाही, ते सोडून. वाचन चालू असताना काकू जवळच बसून तूर निवडत. एकदा नाईकांनी एक ओळ गाळली. काका म्हणाले, ‘‘इथं तार तुटली.’’ नाईकांनी बोट वर नेऊन पाहिले. ओळ सापडली.

शेवटच्या सिद्धांतात उलट धरायचे होते. अकरावे परमिट लागणार होते. काकू उठू लागल्या तेव्हा नाईक म्हणाले, ‘‘बस. मी देतो.’’ त्यांनी खिशातला पेन काढून लिहिले. अक्षर मोडी वळणाचे, मोठे. घेतल्याची वेळ चार वाजून पाच मिनिटे. ते परमिट नऊ दिवस उघडे राहिले. तेवढ्या दिवसांत काकांनी कुणालाही हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही; विजेचे बिल बरोबर आहे का, हेही नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटची ओळ वाचून झाली. मी तिथे होते. नाईक म्हणाले, ‘‘यानंतर एक बारका चौकोन हाये. मंग कोरं.’’

‘‘मंजे सिद्ध झालं,’’ काका म्हणाले. त्यांनी परमिट मागून घेतले, चाचपून घडी केली आणि नाईकांच्या हातात दिले. मग म्हणाले, ‘‘आता सांग. काय समजलं?’’

‘‘मी अक्षरं वाचली.’’

‘‘दोन पानं माह्या तोंडून आयकली ना. सांग.’’

नाईकांनी सांगायला सुरुवात केली. तीनदा चुकले, दोनदा काकांनी थांबवले, एकदा काकूंनी. सांगून होईपर्यंत पन्नास मिनिटे लागली. मग त्यांनी पुस्तक मांडीवर घेतले आणि कडेला लिहिले. जड-३ च्या शेवटच्या पानावर ‘समजले’ हा शब्द आणि सही नाईकांची आहे. सहीसमोर वेळ आहे: पाच वाजून चाळीस मिनिटे.